आधी देव, मग दरबार

तंजावरला बृहदीश्वराचं देऊळ शिवगंगेच्या छोट्या किल्ल्यात आहे. तिथल्या तळ्यापाशी १७७९ सालचं एक चर्च उभं आहे. आत एक संगमरवरी शिल्प आहे. खाटेवर एक म्हातारा पाद्री मरणपंथाला लागलेला आहे आणि त्याचा हात हातात घेऊन एक राजा जवळ उभा आहे. हे राजे म्हणजे दुसरे सरफोजी भोसले, बृहदीश्वराच्या भिंतींवर आपल्या घराण्याचा लांबलचक इतिहास मराठीत कोरून घेणारे आणि सरस्वती महाल ग्रंथालय नावारूपाला आणणारे. ते ख्रिस्ती झाले नाहीत. शेवटपर्यंत आपल्या घराण्याच्या देवाधर्माशी बांधलेले राहिले. तरीही लंडनच्या जॉन फ्लॅक्समन या नामवंत शिल्पकाराकडून हे शिल्प त्यांनी घडवून घेतलं, आणि पाद्र्याच्या थडग्यासाठी इंग्रजीत ओळीही स्वतः रचल्या.

पाद्र्याचं नाव ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ. जन्म १७२६ चा, जर्मनीतला. १७५० साली ते तरंगंबाडीच्या डॅनिश ठाण्यावर उतरले, त्यानंतर मायदेशी कधीच गेले नाहीत, आणि १७९८ च्या फेब्रुवारीत तंजावरला वारले. लग्न केलं नाही. तमिळ तर आलीच, पण तंजावरच्या दरबारात बोलायचं म्हणून मराठीसुद्धा शिकले.

देवाला पहिली जागा द्या, हे मी नव्याने काय सांगणार? आपल्या प्रत्येक मंडळीत ते वर्षातून पन्नास वेळा सांगितलं जातं. ऐकताना आपण मान हलवतो, घरी वचनाचं कॅलेंडर लावतो, आणि सोमवारी सकाळी उशाखालचा मोबाईल काढून पहिली पंधरा मिनिटं त्याला देतो. मीही देतो, म्हणून हे लिहिणं मला भाग आहे. पहिली जागा देणं म्हणजे नेमकं काय करणं, हे मला श्वार्ट्झ यांच्या आयुष्यात जितकं स्पष्ट दिसलं तितकं पुष्कळ उपदेशांत दिसलं नाही. आणि ते घडलं आपल्याच माणसांच्या राज्यात, मराठी बोलणाऱ्या दरबारात.

एक लहानशी गोष्ट आधी सांगतो. १७६९ साली श्वार्ट्झ पहिल्यांदा तंजावरच्या तुळजाजीराजांना भेटले. बोलणं झालं आणि राजांनी मिठाई मागवली. आता राजाने पुढे केलेलं ताट. कोणीही आधी राजाचे आभार मानील, तुकडा तोंडात टाकील. श्वार्ट्झ म्हणाले, आम्ही काही खाण्याआधी देवाची प्रार्थना करतो. राजांनी करा म्हटलं, आणि भर दरबारात त्यांनी प्रार्थना केली. राजाचा अपमान झाला नाही. उलट या माणसाशी पुन्हा बोलावं असंच राजांना वाटलं.

हॉटेलात जेवायला बसल्यावर आजूबाजूला ऑफिसची माणसं असली की आपण डोळे मिटायलाही कचरतो. मिटलेच तर कपाळ खाजवल्यासारखं करून उरकून घेतो. कोणी आपल्याला अडवलेलं नसतं. आपणच आपल्याला अडवतो.

आता मोठी गोष्ट. १७७९ साली मद्रासच्या इंग्रज गव्हर्नरने श्वार्ट्झ यांना श्रीरंगपट्टणला म्हैसूरच्या हैदर अलीकडे पाठवलं. ईस्ट इंडिया कंपनीचे इरादे शांततेचे आहेत हे हैदरला पटवून द्यायचं होतं. जावं की जाऊ नये, हा विचार त्यांनी प्रार्थनेत केला. लढाई टळत असेल तर ते देवाचंच काम, असं त्यांना वाटलं. पण निघतानाच मनाशी एक गोष्ट पक्की केली, की या कामात कुणाच्याही भेटवस्तूने हात विटाळू द्यायचे नाहीत. श्रीरंगपट्टणला मुक्काम लांबला, तेव्हा हैदरच्याच फौजेतले जर्मन आणि इतर युरोपीय शिपाई एका तंबूत त्यांच्यामागे प्रार्थनेला जमू लागले. शत्रूच्या गोटात, राजकारणाच्या कामावर असताना, रोजची उपासना चुकली नाही. निघताना हैदरने वाटखर्चाला तीनशे रुपयांची थैली दिली. श्वार्ट्झ यांनी ती मद्रासला आणून सरकारपुढे ठेवली. सरकारने परत घ्या म्हटलं, तेव्हा त्या रकमेतून तंजावरच्या गरीब मुलांच्या शाळेला सुरुवात करून दिली.

कंपनीने पुढे शब्द पाळला नाही. १७८० साली लढाई पेटली आणि हैदरची फौज कर्नाटिकात, म्हणजे आजच्या तमिळनाडूत, घुसली. गावं जळाली, शेतं ओस पडली, माणसं भुकेने रस्त्यावर पडू लागली. त्या धुमाळीतही त्या म्हाताऱ्या पाद्र्याला कुणी अडवू नये, अशी ताकीद हैदरने आपल्या सरदारांना दिली होती. कंपनीच्या बाजूने आलेला माणूस, पण त्याच्या शब्दावर शत्रूचा विश्वास होता, कारण त्याला कुणी विकत घेऊ शकलेलं नव्हतं.

याच काळात तंजावरचा किल्ला अन्नाला महाग झाला. मुलखात धान्य होतं, पण ते किल्ल्यात आणायला बैल कुणी देईना. यापूर्वी दरबाराने आणि कंपनीने माल उचलला होता, पैसे बुडवले होते. शेतकऱ्याचं काय चुकलं? शेवटी श्वार्ट्झ यांना विचारलं. त्यांनी गावोगाव निरोप धाडला, की तुमचे पैसे मी देईन. दोन-तीन दिवसांत हजारभर बैल उभे राहिले आणि किल्ल्यात धान्य आलं. काम झाल्यावर श्वार्ट्झ यांनी प्रत्येकाचा हिशेब चुकता केला आणि वर थोडं बक्षीस देऊन माणसांना घरी पाठवलं.

ही गोष्ट वाचून मी बराच वेळ थांबलो होतो. राजाच्या शिक्क्याला आणि कंपनीच्या सहीला जे जमलं नाही, ते एका खोलीत राहून भात-भाजी खाणाऱ्या माणसाच्या तोंडच्या शब्दाने झालं. आपल्या गल्लीतला किराणा दुकानदार आपल्या शब्दावर किती दिवस उधार ठेवील? तो ख्रिस्ती नसेल. पण आपण कोणाचे आहोत हे त्याला आपल्या प्रार्थनेवरून कळत नाही, महिन्याच्या पाच तारखेवरून कळतं.

म्हणून जे म्हणतात की देवाला पहिली जागा द्यायची तर जगाची कामं कमी करा, त्यांच्याशी माझं जमत नाही. श्वार्ट्झ यांच्याइतकी जगाची कामं फार थोड्या पाद्र्यांनी केली असतील. तह, धान्य, सारावसुली, राजघराण्यातली भांडणं, सगळं त्यांच्या दाराशी येऊन पडत होतं. त्यांनी ते केलं आणि त्यातलं स्वतःसाठी काही ठेवलं नाही. त्रिचनापल्लीत इंग्रज पलटणीच्या पाळकाचं काम बघत म्हणून सरकार त्यांना वर्षाला शंभर पौंड देई. पहिल्या वर्षीची रक्कम मिशनच्या घराला आणि शाळेला गेली, पुढे निम्मी मिशनलाच जात राहिली. मरताना जे उरलं तेही मिशनला.

एकदा तर सबंध राज्यच त्यांच्या पदरात पडत होतं. १७८७ साली तुळजाजीराजे अंथरुणाला खिळले. दहाएक वर्षांच्या सरफोजींना त्यांनी दत्तक घेतलं आणि मुलाचा हात श्वार्ट्झ यांच्या हातात दिला. हा आता तुमचा, असं म्हणाले. श्वार्ट्झ यांनी पालकत्व एकट्याकडे घ्यायला नकार दिला आणि राजांचे सावत्र भाऊ अमरसिंग यांच्याकडे मुलाला सोपवावं असं सुचवलं. याचा परिणाम चांगला झाला नाही. अमरसिंग स्वतःच गादीवर बसले आणि मुलाची आबाळ झाली. श्वार्ट्झ यांनी मग त्या मुलासाठी वर्षानुवर्षं खटपट केली, त्याला मद्रासला शिकायला पाठवलं, कंपनीकडे लिहीत राहिले. १७९८ साली सरफोजी गादीवर आले, पण त्याच्या काही महिने आधी श्वार्ट्झ गेले होते. नकार बरोबर होता का? मला वाटतं, होता. राज्य हातात आल्यावर ते पाद्री राहिले नसते. पण देवाला पहिली जागा दिली की सगळं आपोआप सुरळीत होतं, असं कुणी सांगत असेल तर त्याला ही गोष्ट जरूर सांगा. त्या नकाराची किंमत त्या मुलाने मोजली, आणि श्वार्ट्झ यांनी उरलेली दहा वर्षं त्या मुलाचं ऋण फेडण्यात घालवली.

सरफोजींच्याच पिढीतला दुसरा एक मुलगा श्वार्ट्झ यांच्याजवळ वाढला. तिरुनेलवेलीकडून आलेला वेदनायगम. पुढे ते वेदनायगम शास्त्री म्हणून तमिळ ख्रिस्ती मंडळीचे मोठे कवी झाले. त्यांची पदं तमिळ चर्चमध्ये आजही गातात. सरफोजी आणि ते गुरुबंधू. राजे झाल्यावरही सरफोजी त्यांना मान देत, पोसत. तंजावरच्या ख्रिस्ती घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगतात, की एकदा राजांनी त्यांना आपल्या दैवतावर काव्य रचायला सांगितलं. आश्रयदाता, बालमित्र आणि राजा, असा तिहेरी शब्द. शास्त्री घरी गेले, तळमळले, आणि शेवटी फक्त येशूचीच स्तुती करीन अशा अर्थाचं पद रचून तेच उत्तर म्हणून दिलं. राजांनी ते मानलं. इथे मला दोघांचंही मोठेपण दिसतं. नकार देताना शास्त्रींनी राजाच्या देवाची निंदा केली नाही, आणि नकार मिळूनही राजाने मित्राला टाकलं नाही. शेजाऱ्याच्या देवाला नावं ठेवणं म्हणजे आपल्या देवाला पहिली जागा देणं, असा समज असलेली काही माणसं आपल्यात आहेत. त्यांनी तंजावरचा हा प्रसंग मनात ठेवावा.

पण शास्त्रींची गोष्ट इथेच संपवली तर मी तुमच्याशी खोटं बोललो असं होईल. पुढे नवे मिशनरी आले. मंडळीत जातीप्रमाणे वेगळं बसणं, प्रभुभोजनाच्या वेळी वेगळेपणा पाळणं बंद करा, असा आग्रह त्यांनी धरला. तेव्हा वेदनायगम शास्त्री जातीच्या बाजूने उभे राहिले. त्यासाठी भांडले, लिहिलं, १८२९ च्या सुमारास मिशनपासून दुरावले. श्वार्ट्झ यांनीही आपल्या काळात ती वेगळी बसण्याची रीत मोडली नव्हती. सबुरीने जाईल म्हणून चालू दिली होती. ती गेली नाही.

राजाला नाही म्हणू शकलेला माणूस जातीला नाही म्हणू शकला नाही. मला हे सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. राजाचा मोह बाहेरून येतो, समोर उभा राहतो, ओळखू येतो. जात घरातच असते, आईच्या बोलण्यातून आलेली, ताटात वाढलेली. ती देवाच्या आधी येऊन बसते आणि आपल्याला ती बसलेली दिसतही नाही.

महाराष्ट्रात आपण वेगळे आहोत का? मुलीसाठी स्थळ बघताना चांगलं ख्रिस्ती घर हवं असं म्हणतो, आणि मग हळूच विचारतो, मूळचे कुठले, आधीचे कोण. बाप्तिस्म्याला तीन-चार पिढ्या झाल्या तरी विचारतो. मध्यस्थालाही त्या प्रश्नाचा अर्थ बरोबर कळतो. मोबाईल, मालिका, मॉल यांच्याबद्दल उपदेश पुष्कळ झाले. या प्रश्नाबद्दल किती झाले? मोबाईल रात्री बंद करता येतो.

दुसरी अशीच एक गोष्ट आपल्या मंडळीच्या आवारातच आहे. जमीन, ट्रस्ट, विश्वस्तांची निवडणूक, चेंज रिपोर्ट, धर्मादाय आयुक्तांकडच्या तारखा. मी ज्या मंडळीत वाढलो तिथे दोन गट पडले, आणि एका रविवारी उपासना चालू असताना दाराशी पोलीस उभे होते. दोन्ही गटांतली माणसं प्रामाणिकपणे म्हणत होती की आम्ही देवाच्या घरासाठीच लढतो आहोत. मालमत्ता सांभाळायला हवी, गैरव्यवहार झाला तर कोर्टात जावं लागतं, हे मला मान्य आहे. पण ज्या आठवड्यात वकिलाला चार फोन झाले आणि समोरच्या गटातल्या आजारी माणसाकडे एक फेरी झाली नाही, त्या आठवड्यात पहिली जागा कोणाची होती? देवाच्या नावाने चाललेलं काम देवाची जागा घेतं, तेव्हा त्याला हटवणं फार अवघड असतं. मार्थाही प्रभूसाठीच राबत होती.

मुलांच्या क्लासचंही तसंच. दहावी-बारावीच्या टेस्ट रविवारी सकाळी असतात, आणि दोन वर्षं मूल उपासनेला येत नाही. मी म्हणत नाही की क्लास सोडा. श्वार्ट्झ यांनी रोजची उपासना श्रीरंगपट्टणच्या तंबूत केली, तुम्ही घरच्या ओट्याशी करा. मुलाला टेस्टला सोडण्याआधी दहा मिनिटं सगळे एकत्र बसा. वाईट हे की उपासना चुकते आणि कुणाला चुटपुटही लागत नाही. दोन वर्षांनी क्लास संपतो, मूल परत येत नाही, आणि आपण पाळकांना विचारतो की तरुणांसाठी काही कार्यक्रम का ठेवत नाही.

लग्नाचं कर्ज, गाडीचे हप्ते यांच्याबद्दल मी फार बोलणार नाही. पगार झाल्यावर पहिला पैसा कुठे जातो ते प्रत्येकाला ठाऊक आहे. अर्पण उरल्यासुरल्यातून निघत असेल तर तेवढं एक या महिन्यापासून उलटं करा. रक्कम लहान असली तरी चालेल, पण ती पहिली बाजूला काढा.

एक इशारा मात्र मनापासून देतो. १९१७ साली रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा संघ सुरू केला. केवढं मोठं पाऊल! पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' वाचलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की टिळकांच्या उदारपणाचा भार घरात लक्ष्मीबाईंनी किती वर्षं उचलला. टिळकांबद्दल माझ्या मनात आदर आहे आणि तरीही सांगतो: तुमचा त्याग बायकोच्या दागिन्यांतून आणि मुलांच्या फीमधून होणार असेल, तर आधी त्यांना विचारा. उपासासाठी, जागरणासाठी, सेवेसाठी घराबाहेर राहणाऱ्या पुष्कळ भल्या माणसांनी घरी म्हाताऱ्या आईचं औषध कोण देतं हे कधी बघितलेलं नसतं. देवाला दिलेली जागा दुसऱ्याकडून हिसकावून द्यायची नसते.

मग करायचं काय? आजीच्या काळी आमच्याकडे दिवेलागणीला शास्त्रपाठ होई. आजी वाचत असताना दाराशी कोणी आलं तर त्याला आत बोलावून बसवत, वाचन थांबत नसे. गावचा पाटील आला तरी तो बसून राही. आम्हा मुलांना त्यातला एक शब्द कळत नसे. पण पाटलापेक्षा मोठं कोणीतरी या घरात आहे, एवढं कळत होतं. तुमच्या घरात फोन वाजला तर प्रार्थना थांबते का? थांबत असेल, तर मुलंही त्यावरून काही शिकतातच.

उद्या सकाळी फोन उशाशी नको, दुसऱ्या खोलीत राहू दे. उठल्यावर आधी एक अध्याय वाचा, पाच-दहा मिनिटं गुडघ्यावर या, आणि मग जगाचे निरोप बघा. ते तिथेच असतात, पळून जात नाहीत. दुकानदाराची उधारी सांगितलेल्या दिवशी द्या. ऑफिसात एखाद्या कागदावर सही करू नये असं वाटत असेल तर करू नका, आणि नाही म्हणताना साहेबांशी सभ्यपणे बोला, शास्त्री राजाशी बोलले तसं. समोरच्या गटातल्या ज्या माणसाशी वर्षभर बोलला नाहीत त्याच्याकडे जा. स्थळ बघायला बसाल तेव्हा तो एक प्रश्न विचारू नका, आणि समोरच्याने विचारला तर उत्तर देऊ नका.

श्वार्ट्झ यांच्याकडून राहून गेलेलं एक काम अजून तसंच आहे. येत्या रविवारी उपासना सुटल्यावर चर्चच्या दाराशी जरा थांबा. आपल्याच मंडळीतलं असं एक कुटुंब शोधा, ज्यांच्याकडे तुम्ही आजवर कधी जेवला नाहीत. ते का, हे तुम्हालाही माहीत आहे आणि त्यांनाही. त्यांना तुमच्याकडे बोलवायच्या आधी तुम्ही त्यांच्याकडे जा, आणि त्यांनी वाढलेलं जेवा.